टाकाऊ दगडातलं आम्ल आणि त्याला अडवणारी खनिजं : बडोद्यातल्या प्रकल्प नोंदी

५ मार्च २०२४

पोती आज लॅबमध्ये पोचली. अरवलीच्या पट्ट्यातल्या एका तांब्याच्या खाणीतला टाकाऊ दगड आहे. तांबं काढणं परवडत नाही म्हणून जो खाणीबाहेर नुसता ढीग करून टाकतात, तो. हिरवट-करडा क्लोराइट शिस्ट (क्लोराइट या हिरव्या खनिजाचा पापुद्र्यांचा दगड), मधून पांढऱ्या शिरा, आणि तुकडा उन्हात फिरवला की पितळी ठिपके चमकतात. ते पायराइट, लोखंड आणि गंधकाचं खनिज. भुकटीवर कागद ठेवून वरून लोहचुंबक फिरवला तर काही कण कागदाला चिकटून वर येतात. म्हणजे सोबत पिरोटाइट हे लोखंड-गंधकाचं दुसरं खनिजही आहे, आणि हे पायराइटपेक्षा बरंच लवकर कुजतं.

प्रश्न सरळ आहे. हा ढीग पुढची कित्येक वर्षं उघड्यावर पावसात राहणार. त्यातून झिरपणारं पाणी आम्लधर्मी होईल का, आणि होणार असेल तर कधी? आधीच्या एका प्रयोगशाळेच्या अहवालात एका ओळीत उत्तर आहे: आम्ल होण्यापेक्षा आम्ल मारण्याची क्षमता जास्त, सबब चिंता नाही. सर (भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, रावपुऱ्यात राहतात, आमचे सल्लागार) ती ओळ वाचून म्हणाले, "अगं, क्षमता कोणत्या खनिजाची आहे ते लिहिलंय का कुठे?" लिहिलेलं नाही.

त्या एका वाक्यावर हा प्रकल्प उभा आहे.

हिशोबाचा पाया इथेच लिहून ठेवते, पुढे परत परत लागेल. पायराइटच्या एका रेणूत लोखंडाचा एक आणि गंधकाचे दोन अणू. हवा आणि पाणी मिळालं की लोखंडाचा गंज होतो, गंधकाचं सल्फेट होतं, आणि एका रेणूमागे आम्लाचे चार हायड्रोजन सुटतात. ते मारायला कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, दोन रेणू लागतात. वजनात मांडलं तर दगडात १ टक्का सल्फाइड गंधक असेल तर टनामागे ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट. हा आकडा या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्यामागे एक गृहीत आहे, कार्बोनेटचा पार कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो हे, आणि ते मात्र फारसं कोणी आठवत नाही.

१२ मार्च

गंधक मोजून झालं. एकूण १.६ टक्के, त्यातलं सल्फाइडच्या रूपात १.४. म्हणजे आम्लनिर्मितीची क्षमता टनामागे ४४ किलो (पुढचे सगळे किलो कॅल्शियम कार्बोनेटच्या मापातले).

दुसरी बाजू, म्हणजे आम्ल मारण्याची क्षमता, सोबेकच्या १९७८च्या पद्धतीने. आधी फेसाची चाचणी: घड्याळकाचेवर चिमूटभर भुकटी, वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब, आणि डोळे उघडे ठेवून बघायचं. फेस किती येतो त्यावर पुढे किती आणि किती तीव्र आम्ल घालायचं ते ठरतं. आमच्या नमुन्याला मध्यम फेस. मग २ ग्रॅम भुकटीत ०.५ नॉर्मल आम्ल ४० मिलिलिटर, गरम करायचं, आणि उरलेलं आम्ल कॉस्टिक सोड्याने उलट मोजायचं. उत्तर आलं टनामागे ५२ किलो.

५२ भागिले ४४, म्हणजे १.२ च्या आसपास. १ च्या खाली धोका, २ च्या वर निर्धास्त, मधला प्रदेश अनिश्चित, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आधीच्या अहवालाने वजाबाकी केली, ८ किलो शिल्लक दाखवली आणि फाइल बंद केली. आकडा आमचाही जवळपास तोच आला, त्यामुळे त्यांची मोजणी चुकली असं मी म्हणणार नाही.

घड्याळकाचेवर एक गोष्ट मात्र दिसली. थेंब पडल्या पडल्या पांढऱ्या शिरेच्या कणांनी जोरात फेस काढला आणि ते गप्प झाले. थोडे पिवळट-तपकिरी कण मात्र तसेच बसून राहिले. काच कोमट केली तेव्हा कुठे त्यांच्या कडेने बारीक बुडबुडे निघायला लागले. थंड आम्लात कॅल्साइट लगेच फसफसतं, डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट, भुकटी केल्यावर मंदपणे, आणि सिडेराइट, म्हणजे लोखंडाचं कार्बोनेट, गरम केल्याशिवाय फारशी दाद देत नाही. हे कण वेगळे ठेवले आहेत.

१९ मार्च

पातळ काप आणि एक्स-रे दोन्हींचं उत्तर आलं. तपकिरी कण सिडेराइटच.

हे का महत्त्वाचं? सिडेराइट विरघळताना आम्लाचे दोन हायड्रोजन खातं. पण त्यातून सुटलेलं फेरस लोखंड हवेत फेरिक होतं, त्याचा गंज खाली बसतो, आणि बसताना ते दोन हायड्रोजन परत करतं. जमा शून्य, खर्च शून्य. सोबेकच्या पद्धतीत आम्ल घालून लगेच उलट मोजणी केली तर पहिली अर्धी गोष्ट दिसते, दुसरी घडायला वेळच मिळत नाही. कागदावर सिडेराइट चोख अल्कली म्हणून जमा होतं. उपाय ठाऊक आहे: उलट मोजणीआधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लोखंडाचं पूर्ण ऑक्सिडीकरण करून घ्यायचं.

तसं केलं. ५२ चे २७ झाले.

२७ भागिले ४४. आता दगड सरळ धोक्याच्या बाजूला गेला. नमुना तोच, आम्ल तेच. फक्त लोखंडाला त्याचं काम पुरं करू दिलं.

सरांना फोन केला तर म्हणाले, "हे अर्धंच झालं. आता हे २७ किती वेळात हाताशी येतात ते बघ." म्हणजे आर्द्रता-पेट्या लावायच्या.

२ एप्रिल

चार पेट्या तयार. प्रत्येकीत १ किलो, ६.३ मिलिमीटरच्या चाळणीखालचा दगड. क्रम ठरलेला: तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट हवा, सातव्या दिवशी शुद्ध पाणी ओतून खालून निचरा गोळा करायचा.

पहिली पेटी: नुसता दगड.
दुसरी: ९५ टक्के दगड, ५ टक्के डोलोमाइटची भुकटी, नीट कालवून.
तिसरी: दगड तेवढाच, डोलोमाइटही तेवढंच, पण न कालवता वर थर म्हणून पसरलेलं.
चौथी: ८० टक्के दगड, २० टक्के काळ्या दगडाच्या क्रशरची डस्ट.

डोलोमाइट छोटाउदेपूरचं. आपल्या बाजूला ते मुबलक आहे, आणि भुकटी करून विकणारे कारखानेही तिथे आहेत. तपासून घेतलं: टनामागे सुमारे १,००० किलो कॅल्साइटइतकी ताकद. शुद्ध डोलोमाइट असतं तर १,०८५ आली असती. थोडी सिलिका आहे. डस्ट सेवालियाकडच्या खाणीतली, आपल्या दख्खनच्या बसाल्टची. ती का घेतली ते पुढे लिहीन.

पाण्याबद्दल एक सक्त सूचना फळ्यावर लिहिली आहे: पेट्यांना बोअरचं पाणी एक थेंबही नाही. आपल्याकडचं भूजल जड, त्यात बायकार्बोनेट भरपूर. ते ओतलं तर दगडाऐवजी बडोद्याच्या पाण्याची अल्कली मोजली जाईल. फक्त आयनमुक्त पाणी. त्याचा पीएच ५.६ च्या आसपास दाखवतो, घाबरायचं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला की तेवढाच येतो.

९ एप्रिल

आज पाडवा, पण निचऱ्याचा वार मंगळवार ठरलाय आणि तो हलवायचा नाही. सकाळी गुढी उभारून दांडिया बाजारातून निघाले, लॅबमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या ताई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी डब्यात श्रीखंड आणलं होतं. ते ऑफिसच्या खोलीत खाल्लं, लॅबमध्ये नाही.

पहिल्या निचऱ्यात सल्फेट भरमसाट आहे. हे आत्ता तयार झालेलं नव्हे. दगड खाणीवर पडून होता तेव्हाचं साठलेलं धुऊन आलं. वेगाच्या हिशोबात पहिले काही निचरे धरायचे नाहीत.

३० एप्रिल

सगळ्या पेट्यांचा पीएच ७.२ ते ७.६. बाहेर ऊन मी म्हणतंय, खोली एसीने २५ अंशांवर ठेवली आहे. दमट हवेच्या बाटलीतलं पाणी रोज बघावं लागतं.

११ जून

पहिल्या पेटीची चाल आता स्थिर आहे. पीएच ७.३. सल्फेट लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आठवड्याला एक लिटर पाणी एक किलो दगडावरून जातं, म्हणजे किलोमागे आठवड्याला ४००. जिप्समच्या, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या, संपृक्ततेला सल्फेट १,५०० च्या जवळ अडतं. आपण त्याच्या बरेच खाली आहोत, तेव्हा जेवढं तयार होतंय तेवढं बाहेर येतंय असं धरायला हरकत नाही.

आज ईडीटीएने (हे दोन्ही धातू पकडणारं रसायन) कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजलं. वाइनसारखा लाल रंग निळ्यावर वळतो तो क्षण एका थेंबाचा असतो. ताईंचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, म्हणून हे काम त्यांच्याकडे. मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे मिळून मोल काढून त्यांना सल्फेटच्या मोलने भागलं. १.३ आलं.

या एका भागाकारात खूप काही आहे. आम्ल मारताना कार्बोनेटचा पुरता कार्बन डायऑक्साइड झाला असता तर भागाकार १ आला असता. अर्ध्यावर, बायकार्बोनेटपर्यंतच थांबला असता तर २. पीएच ७ च्या आसपास असताना दोन्ही चालू असतात, म्हणून मधला आकडा येतो. याचा अर्थ, पाणी तटस्थ ठेवायला दगड ३१.२५ च्या हिशोबापेक्षा जास्त कॅल्साइट खर्च करतोय. पाणी जितकं छान दिसेल तितका साठा लवकर संपेल.

मांडून बघितलं. ४०० मिलिग्रॅम सल्फेटला ४१७ मिलिग्रॅम कॅल्साइट, त्याला १.३ ने गुणलं की सुमारे ५४०. किलोमागे २७,००० मिलिग्रॅम साठा. भागाकार ५० आठवडे. आणि सल्फाइड? १.४ टक्के गंधकाचं ४२,००० मिलिग्रॅम सल्फेट होईल; याच वेगाने ते १०० आठवड्यांहून जास्त पुरेल. म्हणजे अडवणारा साठा आम्लाच्या साठ्याआधी संपणार. अंदाज: पुढच्या मार्चअखेरीस पीएच पडेल. तारीख घालून सही केली आहे.

२३ जुलै

तिसऱ्या पेटीचं, म्हणजे वरच्या थराचं, कोडं सुटलं असं वाटतं. तिचा निचरा पहिल्या पेटीपेक्षा जेमतेम वेगळा आहे. डोलोमाइट दुसरीइतकंच घातलंय, मग गेलं कुठे?

कुठेच गेलेलं नाही, वर बसून आहे. थरातून जाणारं पाणी अजून आम्लाला भेटलेलंच नसतं. साधं पाणी हवेच्या संगतीत कार्बोनेट विरघळवून विरघळवून किती विरघळवणार? लिटरला ५०-६० मिलिग्रॅम अल्कली, की ते संपृक्त झालं. खाली गरज आहे आठवड्याला चारशेच्या वर. म्हणजे वर कितीही जाड थर टाका, पाणी एका फेरीत ओंजळभरच नेणार. खनिज पायराइटच्या कणाला लागून असेल तर आम्ल तयार होईल तिथेच त्याला खातं आणि पाहिजे तेवढं विरघळतं. अंतर महत्त्वाचं आहे, आणि ते सेंटिमीटरांत मोजायचं असतं.

ढिगावर शेवटी चुनखडीचा थर पसरून देण्याची पद्धत सर्रास आहे, कारण डंपरने ते सोपं पडतं. हा मुद्दा मी अहवालात ठळक लिहिणार.

३ सप्टेंबर

मागच्या मंगळवारचा निचरा झाला नाही. जन्माष्टमीच्या सुमारास पाऊस असा लागला की विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली आणि शहराचा बराच भाग पाण्यात गेला. लॅबमध्ये पाणी आलं नाही, पण वीज गेली, हवेचे पंप बंद, आणि रस्तेही नव्हते. ताईंच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. त्या अजून आलेल्या नाहीत, येऊ नका म्हटलं आहे. शेजारच्या मुलाने बाटल्या धरायला मदत केली.

पेट्या दोन आठवडे न धुता राहिल्या. आज पाणी सोडलं: पहिल्या पेटीत सल्फेट ७६० च्या आसपास, पीएच ६.९. पुढच्या आठवड्यात पूर्ववत होईल असं वाटतं. पाणी नव्हतं तरी आम्ल तयार होणं थांबलं नव्हतं. ते ओलसर कणांवर सल्फेटच्या क्षारांच्या रूपात साठून राहिलं आणि पहिल्या पाण्यासरशी एकदम उतरलं. पेटीच्या कडेला भिंगातून पांढुरका लोणा दिसत होता, पाणी पडताच गेला.

आपल्या हवामानात हे विसरून चालणारच नाही. आठ महिने कोरडे आणि मग मृगाचा पाऊस. वर्षाची सरासरी सांगणारा आकडा इथे निरुपयोगी आहे. नाल्यातल्या माशाला सरासरी भेटत नाही, जूनचा पहिला लोंढा भेटतो.

२२ ऑक्टोबर

पीएच ७.२, सगळं शांत. तरी पहिल्या पेटीत जस्त हळूहळू वाढतंय, तांबं नाही. हे अपेक्षित आहे: तांबं आणि शिसं तटस्थ पाण्यात गंजाच्या कणांना चिकटून राहतात, जस्त आणि निकेल बऱ्यापैकी मोकळे फिरतात. तटस्थ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे.

१४ जानेवारी २०२५

उत्तरायण. गच्चीगच्चीवरून आरडाओरडा आणि मला निचरा. पहिल्या पेटीचा पीएच ७.०. दुसरीचा ७.५. तिळगूळ ताईंकडून.

२८ जानेवारी

६.६. अंदाजापेक्षा लवकर. कॅल्शियमही उतरलं आहे, म्हणजे मीटरचा दोष नाही. तरी ४, ७ आणि ९.२ च्या बफरांवर मीटर पुन्हा लावून घेतला.

हिशोब: आजवर किलोमागे साधारण २३,००० मिलिग्रॅम कॅल्साइट खर्च झालं. २७,००० पैकी ४,००० च्या आसपास दगडात असूनही हाताला लागत नाही. सल्फाइड अजून ६० टक्के शिल्लक आहे.

१२ फेब्रुवारी

कालच्या निचऱ्याला ५.७. आज जे दिसलं ते सविस्तर लिहिते, कारण १९ मार्चच्या कागदावर मांडलेली गोष्ट आज बाटलीत घडली.

काल निचरा गोळा केला तेव्हा पाणी अगदी नितळ होतं. फेनॅन्थ्रोलीनने नारिंगी रंग लगेच आला, म्हणजे फेरस लोखंड भरपूर. अर्धी बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली, अर्धी चंचुपात्रात उघडी टेबलावर. आज सकाळी उघड्या पात्राचं पाणी पिवळसर झालं होतं, तळाशी नारिंगी गाळाची पातळ साय, आणि पीएच ४.५. पाण्यात बाहेरून काहीही पडलं नव्हतं. आम्ल पाण्यात होतंच, लोखंडाच्या रूपात लपलेलं.

कॅल्साइट संपल्यावर आता सिडेराइट विरघळतंय. पीएच ५ ते ६ दरम्यान तेच टेकू देतं, आणि टेकू देताना पुढच्या नाल्यात उतरायचं आम्ल पाण्यात भरून ठेवतं. खाणीच्या तोंडाशी नमुना घेऊन ५.७ लिहिणारा आणि एक किलोमीटर खाली ४.५ लिहिणारा, दोघंही बरोबर असतात. म्हणून पीएचसोबत एकूण आम्लता, म्हणजे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम धरून मोजलेली, दिल्याशिवाय आम्ही अहवाल देणार नाही.

४ मार्च

४.४, गेल्या निचऱ्यालाही तेवढाच. पायरी आली. अ‍ॅल्युमिनियम पहिल्यांदाच ठळक दिसतंय. थोड्या निचऱ्यात कॉस्टिकचे थेंब सोडले की पांढरा कापसासारखा साका धरतो. क्लोराइट विरघळून आलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन बसलं होतं. आता तेच उलटं विरघळून पीएच ४ ते ४.५ मध्ये धरून ठेवतंय. यानंतरची पायरी फेरिक हायड्रॉक्साइडची, ३ च्या आसपास.

क्रम असा का? कारण एका वेळी पीएच एकच असतो आणि त्या पीएचला जे खनिज सगळ्यांत लवकर विरघळतं ते आधी कामाला येतं. सर चहा पिता पिता म्हणाले, "कॅल्साइट म्हणजे घरातली रोकड. सिलिकेट म्हणजे गावची जमीन. किंमत मोठी, पण उद्या सकाळी दवाखान्यात भरायला उपयोग नाही." हे मी मूळ वहीतही लिहून घेतलं.

सिलिकेटांमध्येही जात-जात वेगळी. ऑलिव्हिन, डायोप्साइड, चुन्याने समृद्ध प्लॅजिओक्लेज त्यातल्या त्यात चपळ. पायरॉक्सिन, अ‍ॅम्फिबोल, क्लोराइट, बायोटाइट मध्यम. सोड्याचं प्लॅजिओक्लेज मंद. पोटॅश फेल्डस्पार आणि मस्कोव्हाइट फारच मंद. क्वार्ट्झ काहीच देत नाही.

आता चौथ्या पेटीबद्दल. आपला बसाल्ट म्हणजे मुख्यतः चुनेरी प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन, कुठे ऑलिव्हिन. अमेरिकेत मिनेसोटात डुलुथ कॉम्प्लेक्स नावाचा दगड याच कुळातला, प्लॅजिओक्लेज आणि ऑलिव्हिनचा, कार्बोनेट जवळजवळ नाहीच. त्यावर तिथल्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याने वर्षानुवर्षं प्रयोग चालवले. गंधक कमी असेल तर सिलिकेटांचा संथ पुरवठा आम्लाच्या संथ निर्मितीला पुरतो, जास्त असेल तर पुरत नाही, असं त्यातून निघालं. याच्या उलट टोकाला उत्तर कॅनडातली डायाविक हिऱ्याची खाण. तिथल्या प्रायोगिक ढिगात गंधक ०.१ टक्क्यापेक्षाही कमी, थंडी कडाक्याची, तरी पाणी पीएच ५ च्या खाली गेलं, कारण कार्बोनेट नव्हतं आणि तिथला बायोटाइट शिस्ट वेळेवर काही देईना.

आमची बसाल्टची पेटी दोघांच्या मध्ये आहे. पीएच पडला, पण ५.२ वर येऊन टिकला आहे. पहिलीपेक्षा जवळपास एक अंक वर. मॅग्नेशियम आणि सिलिका वाढली, म्हणजे बसाल्ट खरंच विरघळतोय. डस्टच्या नुसत्या भुकटीला सोबेकच्या गरम आम्लात टाकलं होतं तेव्हा मोठा आकडा आला होता. खोलीच्या तापमानाला चोवीस तास ठेवणाऱ्या सुधारित पद्धतीत तो निम्म्याहून खाली आला. उष्णता आणि तीव्र आम्ल लावून जमीन जबरदस्तीने विकायला लावता येते, ढिगात तसं कोणी लावत नाही.

मला बसाल्टचं मोल कमी वाटत नाही. १.४ टक्के गंधकाच्या दगडाला तो एकटा पुरणार नाही, पण ०.२-०.३ टक्केवाल्या दगडात कालवला तर चित्र वेगळं असू शकतं. आपल्याकडे क्रशरच्या डस्टचे डोंगर पडून आहेत. पुढच्या प्रकल्पासाठी हे नोंदवून ठेवते.

१ एप्रिल

पहिली पेटी ३.४. सल्फेट ७०० च्या वर गेलं, दोन आठवड्यांचा साठा नसताना. आता वेग बदलला आहे. पीएच ३.५ च्या खाली फेरिक लोखंड पाण्यात विरघळलेलं राहतं आणि हवेपेक्षा तेच पायराइटवर जास्त जोरात चालून जातं. त्यात ते फेरस होतं. त्याला पुन्हा फेरिक करण्याचं काम अ‍ॅसिडिथायोबॅसिलससारखे जिवाणू करतात. सिंगर आणि स्टम यांनी १९७० मध्ये दाखवलं की सगळ्या साखळीत हीच कडी सर्वांत मंद असते, आणि जिवाणू तिचा वेग जवळपास दहा लाख पटीने वाढवतात. कॅल्साइट असेपर्यंत ते फेरिक लोखंड पाण्यात टिकतच नव्हतं. म्हणजे कॅल्साइट तयार झालेलं आम्ल मारत होतं एवढंच नाही, आणखी आम्ल तयार होण्याचा वेगही दाबून धरत होतं. दुसऱ्या पेटीत याचा पुरावा आहे: दगड जवळपास तेवढाच, पण सल्फेट तीनशेच्या घरात आणि पीएच ७.४.

तिसरी पेटी, थरवाली, ३.९. डोलोमाइट वर जवळजवळ जसंच्या तसं.

१५ एप्रिल

पहिली पेटी उघडली. कण वाळवून सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जानेवारीत हिशोबात न लागलेलं कॅल्साइट इथे सापडलं. काही क्वार्ट्झच्या पोटात पूर्ण बंद, त्याला पाणी कधी लागलंच नाही. काहींवर मात्र गंजाचं तपकिरी कवच चढलेलं. एक कण सुईने फोडला: बाहेर नखाने खरवडावी तशी साल, आत पांढरं शुभ्र कॅल्साइट, आम्लाचा थेंब टाकताच फसफसलं. साल शाबूत असलेल्या शेजारच्या कणाने तोच थेंब मुकाट्याने झेलला. खाणीवर तर ६ मिलिमीटरचे कण नसतात, हातभर धोंडे असतात. तिथे बंद राहिलेला हिस्सा आमच्यापेक्षा मोठाच असणार. सल्फाइडचाही असतो, हे त्याच्या जोडीला लिहायला हवं.

२२ एप्रिल

अहवालाचा मसुदा खाणवाल्यांना पाठवला. त्यांच्या अभियंत्याचा लगेच फोन: "मॅडम, मग पाच टक्के डोलोमाइट कालवलं की झालं ना? दुसरी पेटी तर उत्तम आहे."

दुसरी पेटी उत्तम आहे ती आजपर्यंत. ५ टक्क्यांच्या मिश्रणात उपलब्ध साठा: दगडातले २६ आणि डोलोमाइटचे ५०, मिळून टनामागे ७६ किलो. सल्फाइडची मागणी ४२. पण ही ४२ फक्त ३१.२५ च्या हिशोबाने. पाणी तटस्थ ठेवायचं असेल आणि कार्बोनेट बायकार्बोनेटवरच थांबत असेल तर मागणी दुप्पट, ८३. म्हणजे सर्वांत वाईट धरून ७६ पुरत नाहीत, आणि त्यातही थोडं क्वार्ट्झमध्ये नाहीतर गंजाखाली अडकणारच. ८ टक्के केलं तर साठा १०५, मागणी ८१. तिथे मला शांत झोप लागेल. डोलोमाइट कॅल्साइटपेक्षा सावकाश विरघळतं, म्हणून भुकटी बारीकच हवी, जाड खडा नको. आणि दगड ओततानाच प्रत्येक डंपरमागे मिसळायची, ढीग पुरा झाल्यावर वर पसरायची नाही.

त्यांना खर्च जास्त वाटतोय. साहजिक आहे. सिडेराइटच्या शिरा ज्या भागात आहेत तो दगड आणि गंधक कमी असलेला दगड खाणीतच वेगळा काढला तर सरसकट ८ टक्के लागणार नाही. त्यासाठी स्फोटाच्या छिद्रांतल्या चुऱ्यावर गंधक, अजैविक कार्बन आणि पेरॉक्साइडने सुधारलेली क्षमता, एवढ्या तीन तपासण्या पुरतात. दर कळवले. दुसरी आणि चौथी पेटी चालूच ठेवत आहोत, आणि ८ टक्क्यांची नवी पेटी येत्या मंगळवारी लागेल.